आईची पंचाहत्तरी आणि लंडनचा आफ्टरनून टी

आई लंडनला आमच्याकडे आलेली असतानाच तिची पंचाहत्तरी येत होती. हॉल, केटरर आणि शंभर माणसं हा पुण्याचा थाट इथे जमण्यासारखा नव्हता. हॉटेलातलं रात्रीचं जेवण तिला झेपत नाही, पण दुपारचा चहा ही तिच्या दिवसातली हक्काची वेळ. म्हणून घरच्या सहा माणसांचा आफ्टरनून टी ठरला. बहुतेक जण आधी नावाजलेलं हॉटेल धरतात आणि मग आईवडिलांना त्यात कसंबसं बसवतात. आम्ही क्रम उलटा लावला: आधी आईचं पोट, दात, गुडघे आणि कान, हॉटेलचं नाव सर्वांत शेवटी. त्याच विचाराने पुढचं लिहिलं आहे.

पुढ्यात काय येतं ते आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या ‘हाय टी’शी याचा फारसा संबंध नाही. मुंबईच्या हॉटेलांत हाय टी म्हटलं की बुफे, चाटचा काउंटर, गरम वडे आणि कटलेट असतात. लंडनच्या आफ्टरनून टीमध्ये स्कोन (पाव आणि केक यांच्या मधला छोटा गोल प्रकार) सोडले तर सगळं थंड. माणशी चार ते सहा फिंगर सँडविचं, दोन स्कोन (एक साधा, एक बेदाण्यांचा), सोबत क्लॉटेड क्रीम आणि स्ट्रॉबेरी जॅम, तीन ते पाच छोट्या पेस्ट्री आणि चहाची किटली. ही प्रथा १८४० च्या आसपास बेडफर्डची डचेस ॲना हिच्यामुळे रुळली असं मानतात. त्या काळी खानदानी घरांतलं रात्रीचं जेवण आठच्या पुढे गेलं होतं आणि मधली भूक भागवायची होती. आज जे पानात पडतं त्यात मात्र एक अख्खं जेवण मावतं. दोन स्कोन आणि वर क्लॉटेड क्रीम एवढ्यानेच वयस्कर माणसाचं पोट भरतं. क्रीम मंद आचेवर बराच वेळ तापवून, मग निववून वर धरलेली घट्ट साय म्हणजे क्लॉटेड क्रीम. कॉर्निश क्लॉटेड क्रीममध्ये स्निग्धांश किमान ५५ टक्के असावा लागतो. सायसाखरेवर वाढलेल्या पिढीला ती पहिल्याच घासाला आवडते, आणि पित्ताचा त्रास असेल तर रात्री जाणवतेही. ‘गरम काहीच नाही का?’ हा प्रश्न टेबलावर यायला नको असेल तर आईला घरीच सगळं सांगून ठेवावं.

आता सगळ्यात अडचणीचा भाग. आई शाकाहारी आहे आणि अंडंही खात नाही. लंडनच्या बहुतेक मोठ्या ठिकाणी शाकाहारी आफ्टरनून टी मिळतो, पण इथल्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. एग मेयोनेज आणि क्रेस या कोवळ्या पाल्याचं सँडविच तर शाकाहारी ताटाचं ठरलेलं. ते ओळखून बाजूला ठेवता येतं, बाकीचं अंडं दिसत नाही. सँडविचमधल्या नेहमीच्या मेयोनेजमध्ये अंडं असतं. ब्रिओश या मऊ, लोणी घातलेल्या पावात असतं. एक्लेअरच्या आवरणात, मॅकरॉनमध्ये, मरँगमध्ये आणि कस्टर्डच्या टार्टमध्ये असतं. स्कोनच्या पिठात ते नसलं तरी वरची तकाकी बहुधा अंड्याचा हात फिरवून आणलेली असते. जॅमच्या शेजारी पिवळ्याधमक लेमन कर्डची वाटी आली तर तीही बाजूला ठेवायची, कारण ते अंड्याच्या बलकाशिवाय दाट होत नाही.

दुसरी अडचण जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या चिकट द्रव्याची. मूस, पॅनाकोटा, जेली, मार्शमॅलो आणि पेस्ट्रीवरचा आरशासारखा चकचकीत थर यांत ते येऊ शकतं. तिसरी चीजची. पार्मेझान नियमानेच प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारं, वासरांच्या जठरातलं द्रव्य) घालून बनतं, चेडर मात्र पुष्कळदा शाकाहारी रेनेटचं मिळतं. चौथी दारूची: फळं रममध्ये मुरवलेली असतात, ट्रायफलमध्ये शेरी असते.

इथे ब्रिटनमधला एक नियम फार कामाला येतो. खाण्याच्या पदार्थांत १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटक आहेत की नाहीत ते ग्राहकाला सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्या १४ मध्ये अंडं, दूध, बदाम-काजूसारखा सुका मेवा, शेंगदाणे, तीळ, मोहरी हे सगळं येतं. त्यामुळे ‘कुठल्या पदार्थात अंडं आहे?’ याचं उत्तर बहुतेक स्वयंपाकघरांकडे लेखी तयार असतं, ते ईमेलवर मागून घ्यावं. मांसापासूनचं जिलेटिन, रेनेट आणि दारू मात्र त्या यादीत येत नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल नाव घेऊन वेगळं विचारावं लागतं. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढंच सांगून भागत नाही. आणि अंड्याची ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नये. तसं सांगितलं की स्वयंपाकघर वेगळ्याच नियमांनी चालायला लागतं आणि ‘अंश असू शकतो’ एवढ्या कारणावरून निम्मे पदार्थ नाकारतं. ॲलर्जी नाही, आहाराचा नियम आहे, अंड्याचा एकही घटक नको, दूधदुभतं चालतं, हे चार तुकडे याच क्रमाने लिहिले की गोंधळ होत नाही.

बिनअंड्याचा वेगळा मेनू क्वचितच असतो. व्हीगन, म्हणजे प्राणिज काहीच नसलेला मेनू मात्र पुष्कळ ठिकाणी असतो, आणि अंडं न खाणाऱ्यांची वाट तिथूनच जाते. व्हीगन ताटात अंडं, जिलेटिन, रेनेट काहीच नसतं. पण दूधही नसतं, म्हणजे क्लॉटेड क्रीम जातं आणि त्या जागी नारळाचं किंवा सोयाचं काहीतरी येतं. यावर उपाय म्हणजे व्हीगन ताट मागायचं आणि ‘क्लॉटेड क्रीम, लोणी आणि चहाला गाईचं दूध मात्र नेहमीचं द्या’ असं सांगायचं. आम्ही विचारलं तिथे याला कुणी नाही म्हटलं नाही, फक्त आधी सांगावं लागलं. व्हीगन स्कोन लोण्याविना केलेले असल्याने लवकर कोरडे पडतात, तेव्हा ते गरम असतानाच खायचे. तीन-चार ठिकाणांचे व्हीगन मेनू समोर ठेवून तुलना केली की निवड आपोआप आवळत जाते. एखाद्या ठिकाणी व्हीगन पेस्ट्रीही इतरांच्या पेस्ट्रीएवढ्याच निगुतीने केलेल्या असतात, तर कुठे फळांचे तुकडे आणि एक ब्राउनी देऊन वाटेला लावतात. जिचा वाढदिवस तिच्याच पानात कमी पडणार असेल, तर ते ठिकाण कितीही नावाजलेलं असो, आमच्या यादीतून गेलं.

मधुमेह असेल तर हिशोब आणखी बदलतो. फोर्टनम अँड मेसन या जुन्या दुकानासारख्या ठिकाणी गोड कमी आणि तिखटमिठाचं जास्त असा सेव्हरी आफ्टरनून टी वेगळा मिळतो. इतरत्र दोन पेस्ट्रींच्या ऐवजी सँडविचं वाढवून मागता येतात. सँडविचं आणि चहा पुन्हा हवा तेवढा देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पेस्ट्रींच्या बाबतीत मात्र आधी विचारावं. कवळी असेल तर कडक टार्ट आणि अख्खे बदाम-पिस्ते टाळायला सांगावं. काकडीचं सँडविच, मऊ स्पंज आणि गरम स्कोन यांना दातांची अडचण येत नाही.

वेळेचं म्हणाल तर ही ठिकाणं ठरलेल्या पाळ्यांमध्ये चालतात. रिट्झ हॉटेलमध्ये सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत दर दोन तासांनी पाळी असते. टेबल साधारण दीड ते दोन तासच आपलं असतं आणि पुढची मंडळी दारात उभी असतात. वयस्कर माणसाला कोट काढून बसायला आणि खाऊन उठायलाच वीस मिनिटं जास्त लागतात, म्हणून ‘टेबल किती वाजता सोडावं लागेल?’ हे आधीच विचारून घ्यावं. आमच्या मते दीडच्या आसपासची पाळी सर्वांत चांगली. ती दुपारच्या जेवणाची जागा घेते, दुपारच्या गोळ्या जेवणाच्या वेळेला घेता येतात, आणि चहाने रात्रीची झोप जात नाही. डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो, हेही ध्यानात ठेवायचं. साडेतीनची पाळी घेतली तर बाहेर पडताना काळोख आणि गारठा असतो. त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी तर नाही ना, हे कालनिर्णयात आधी बघून घ्यावं. वाढदिवस तारखेने करायचा की तिथीने याचा निकालही घरात तेव्हाच लावावा, कारण एकदा भरलेली आगाऊ रक्कम सहज परत मिळत नाही.

आता ठिकाणं. रिट्झचं चहाचं दालन, पाम कोर्ट, १९०६ पासूनचं, झुंबरं आणि पियानो असलेलं, डोळे दिपवणारं. पण तिथे जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, पुरुषांना कोट आणि टाय लागतो. भारतातून आलेले आईवडील लंडनमध्ये स्पोर्ट्स शूजवरच हिंडत असतात, कारण फूटपाथवरून चालून टाचा दुखतात. तिथे जायचं तर मऊ तळव्याचे काळे बूट आधीच घ्यावेत. फोर्टनम अँड मेसनचं डायमंड ज्युबिली टी सलून पिकॅडिलीच्या दुकानात चौथ्या मजल्यावर आहे, वर जायला लिफ्ट आहे. दुकान १७०७ चं, सलून २०१२ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते उघडलेलं. खाली चहाचे डबे बघत अर्धा तास सहज जातो आणि भेटवस्तूचाही प्रश्न सुटतो. सॅव्हॉय हॉटेलच्या चहाच्या दालनाला काचेचा घुमट असल्याने दिवसाउजेडी बसण्यात मजा आहे. ब्राउन्स हॉटेल १८३७ चं, तिथली ड्रॉइंग रूम लाकडाने मढवलेल्या भिंतींची आणि घरगुती. लीड्स किंवा यॉर्कच्या बाजूला राहणाऱ्यांनी यासाठी लंडनपर्यंत येण्याची काहीच गरज नाही. हॅरोगेटचं बेटीज टीरूम १९१९ पासून चालू आहे आणि त्याचा लौकिक लंडनच्या कुठल्याही हॉटेलच्या तोडीस तोड आहे. दुमजली बसमधला चहा नातवंडांना फार आवडतो, पण अरुंद जिना आणि हलती बस पंचाहत्तरीला नको.

आई मुंबईतच असेल तर ताजमहाल पॅलेसचं पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज आहेच. समोर गेटवे आणि समुद्र, ताटात भेळ आणि बटाटावडाही येतो. कित्येक घरांतली मुलगी बघण्याची बोलणी तिथे झालेली असल्याने त्या पिढीला त्या जागेचं अप्रूप वेगळंच असतं. तिथला प्रकार बुफेचा, म्हणून आईला उठायला न लावता कुणीतरी एकाने तिचं ताट भरून आणायचं.

बसण्याची सोय ही मेनूइतकीच महत्त्वाची, आणि फोटोंवरून ती कळत नाही. लाउंज पद्धतीच्या जागांत सोफे बसके आणि टेबलं गुडघ्याएवढी असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसता येतं, उठता येत नाही. शिवाय बशी मांडीवर धरून वाकून खावं लागतं, म्हणजे साडीवर जॅम सांडणार हे नक्की. ‘जेवणाच्या उंचीचं टेबल आणि हाताची सरळ खुर्ची हवी’ असं बुकिंगमध्ये लिहून घ्यावं. पियानोपासून दूर, भिंतीकडेचं टेबल मागावं. श्रवणयंत्र लावणाऱ्याच्या पाठीशी भिंत असली की मागचा गोंगाट कमी होतो आणि समोरच्याचं बोलणं नीट कळतं. सहा माणसांना गोल टेबल मिळालं तर उत्तम. आठांच्या पुढे गेलात तर बरीच ठिकाणं तुम्हाला ‘ग्रुप’ धरतात आणि सगळी रक्कम आधी मागू शकतात. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, वाटेत पायऱ्या किती, हेही विचारायला संकोच करू नये. जाण्यायेण्यासाठी ग्रीन पार्क हे ट्यूबचं (भुयारी रेल्वेचं) स्टेशन रिट्झला लागून आणि फोर्टनमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिथे रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येतं. पिकॅडिली सर्कसला ती सोय नाही. परतताना काळी टॅक्सी करावी. लंडनच्या सगळ्या काळ्या टॅक्सींमध्ये व्हीलचेअर जाते आणि आत शिरणंही सोपं असतं.

खर्च लपवण्यात अर्थ नाही. नामांकित हॉटेलांत माणशी ७० ते ९५ पौंड धरावेत, शँपेन वेगळी. बिलावर बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क चढतं. माणशी ८० पौंडांप्रमाणे सहा जणांचे ४८०, त्यावर ६० सेवाशुल्क, एकूण ५४०. ते दिल्यावर वेगळी टिप देण्याची गरज नाही. माणशी ४० पौंडांच्या चांगल्या टीरूममध्ये हाच हिशोब २७० वर येतो, आणि व्हीगन ताट तिथलं सरस असेल तर आम्ही बिनदिक्कत तिकडे जाऊ. आईवडिलांच्या पिढीला मेनूवरचे आकडे दिसले की ती मनातल्या मनात रुपये करते आणि घास घशात अडकतो. त्यावर दोन उपाय आहेत. किमती नसलेलं मेनूकार्ड आईच्या हातात द्यायला सांगायचं, किंवा आधीच गिफ्ट व्हाउचर घेऊन पैसे भरून टाकायचे, म्हणजे टेबलावर बिलच येत नाही. व्हाउचरची मुदत तेवढी बघून घ्यावी. शनिवार-रविवारच्या जागा दोन-तीन महिने आधी भरतात, मधल्या वारी गर्दी कमी आणि वेटरला बोलायला उसंतही असते. बहुतेक ठिकाणी कार्ड नोंदवून ठेवावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीनंतर रद्द केलं तर दंड बसतो. वयस्कर माणसाची तब्येत ऐन वेळी बिघडू शकते, तेव्हा ती मुदत २४ तासांची आहे की ७२, यावरही निवड ठरावी.

केकवर सर्वांत जास्त घोळ होतो. बुकिंगमध्ये ‘वाढदिवस’ असं लिहिलं की हॉटेल आपणहून, चांगल्या मनाने, मेणबत्ती लावलेली छोटी पेस्ट्री आणतं. ती ताटातल्या पदार्थांच्या यादीत नसते, त्यामुळे तिच्यात अंडं असण्याचीच शक्यता जास्त. सगळे गाणं म्हणत असतात आणि जिच्यासाठी आणली तिलाच ती खाता येत नाही. म्हणून ‘भेट म्हणून येणारी पेस्ट्रीसुद्धा बिनअंड्याची, नाहीतर नुसती मेणबत्ती लावलेला स्कोन’ असं लिहून द्यावं. पूर्ण केक हवा असेल तर तो दोन-तीन दिवस आधी सांगावा लागतो. बाहेरचा केक काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी कापून देण्याचे पैसे घेतात. ताटलीवर चॉकलेटने ‘आई’ असं देवनागरीत हवं असेल तर ती दोन अक्षरं मोठ्या आकारात छापून आधी पाठवावीत, चित्र म्हणून ती सहज उतरवता येतात. लांबलचक मजकुराच्या फंदात पडू नये. औक्षण सकाळी घरीच उरकावं, हॉटेलात निरांजन पेटवायला परवानगी मिळणं कठीण.

राहिला चहा. आपला उकळलेला, आल्याचा, निम्मं दूध घातलेला चहा तिथे मिळेल या भरवशावर राहू नये. यादीत ‘मसाला चाय’ असला तरी तो पुष्कळदा मसाला मिसळलेल्या पत्तीवर नुसतं गरम पाणी ओतलेला असतो, ‘दुधात उकळता का?’ हे विचारावं. दार्जिलिंगच्या नावाला भुलून त्यात दूध घातलं तर रंगही जातो आणि वासही. दूध-साखर घेणाऱ्याने आसाम किंवा इंग्लिश ब्रेकफास्ट मागवावा. एका कपाला अडीच-तीन ग्रॅम पत्ती, खळखळतं पाणी आणि चार ते पाच मिनिटं, एवढ्यात तो दुधाला पुरून उरेल इतका कडक होतो. दूध मात्र गरम मागायचं. तिथे ते थंड देतात आणि पहिल्याच घोटाला चहा कोमट लागतो. आल्याच्या ताज्या चकत्याही मागाव्यात, बारमध्ये त्या असतात. किटलीत पत्ती तशीच राहिली तर दुसरा कप कडवट होतो. सोबत नुसत्या गरम पाण्याची किटली मागवून ठेवावी किंवा पत्तीची जाळी काढून घ्यायला सांगावं. लॅपसांग सूचाँग धुरावर वाळवलेला असतो, तो एकाने मागवून सगळ्यांनी घोटभर चाखावा. मध्येच चहाचा प्रकार बदलून मागितला तरी बहुतेक ठिकाणी चालतं.

खाण्याचा क्रम सँडविचं, मग स्कोन, मग पेस्ट्री असा असतो. स्कोन थंड झाला की रवाळ आणि जड लागतो. सगळं एकदम आणून ठेवत असतील तर ‘स्कोन मागाहून, गरम आणा’ असं सांगावं. तो सुरीने न कापता हाताने आडवा उघडायचा, अर्ध्या भागावर जॅम आणि क्रीम लावायचं. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, डेव्हनमध्ये आधी क्रीम. आईला हे सांगितलं की तिला दोन्ही करून बघायला मिळतं. व्हीगन ताट आईपुढे वेगळं आलं की शेजारच्या स्टँडवरून उचलाउचल होऊ द्यायची नाही. दोन्हींतल्या पेस्ट्री दिसायला सारख्या असू शकतात. कुठलं ताट कुठलं हे वेटरला आल्याआल्या बोटाने दाखवायला सांगावं.

उरलेलं बांधून द्यायला बहुतेक ठिकाणी खोका मिळतो. सँडविचं घरी नेऊ नयेत, पाव वातड होतो आणि आतली काकडी पाणी सोडते. क्रीमच्या पेस्ट्री लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवाव्यात. स्कोन मात्र खुशाल आणावेत. मायक्रोवेव्हमध्ये घातले तर आधी लिबलिबीत आणि मग दगड होतात. १६० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवले की दुसऱ्या सकाळी आईच्या घरच्या, आलं घालून उकळलेल्या चहाबरोबर चांगले लागतात.